ऑटिझम असलेलं लेकरू वर्गात स्वतःचं काम स्वतः कसं सांभाळेल?

दुधनाकाठ

जि.प. शाळा, दुसरी-तिसरीचा जोडवर्ग, पट ३८. तिसरीत ऑटिझमचं निदान झालेला एक विद्यार्थी आहे. वाचतो, दोन अंकी बेरीज-वजाबाकी करतो, छोटी वाक्यं बोलतो. अडचण अशी की प्रत्येक गोष्ट सांगावी लागते. वही काढ, पान उलट, पुढचं गणित कर. सांगितलं की लगेच करतो, नाही सांगितलं तर पेन्सिल हातात धरून बसून राहतो. खिचडीच्या वेळी गोंगाट वाढला की उठून बाहेर जातो. विशेष शिक्षक पंधरवड्यातून एकदा येतात, बाकी दिवस वर्ग माझ्याकडे.

सेल्फ-मॅनेजमेंट म्हणजे स्वव्यवस्थापन शिकवा असं प्रशिक्षणात सांगतात, पण ३८ मुलांच्या वर्गात ते नेमकं कोणत्या क्रमाने, कोणत्या साहित्याने करायचं हे जाणकारांनी लिहावं.

मांजरा

सर, तुमच्या वर्णनात एक गोष्ट महत्त्वाची आहे: सांगितलं की करतो. म्हणजे काम येतं, सुरुवात स्वतःहून होत नाही. स्वव्यवस्थापन नेमकं इथे उपयोगी पडतं. काम येतच नसेल तर आधी काम शिकवावं लागतं. तक्ता लावून न येणारी वजाबाकी येत नाही.

या पद्धतीचा गाभा एवढाच की नोंद ठेवणारा हात बदलतो. आज 'केलं की नाही' हे तुम्ही बघता आणि तुम्हीच सांगता. उद्या तो स्वतः बघेल, स्वतः खूण करेल आणि ठरलेलं बक्षीस स्वतः घेईल. अमेरिकेत २०२० साली ऑटिझमसाठीच्या २८ सिद्ध पद्धतींची जी यादी निघाली, तिच्यात ही पद्धत आहे. पण कागदावर चौकटी आखल्या म्हणजे ती सुरू झाली असं नाही. बहुतेक शाळांत तक्ता असतो आणि खुणा बाईच करतात. तो बाईंचा तक्ता झाला. त्यातून लेकरू काही शिकत नाही.

आधी वर्तन ठरवा, एकच. 'नीट बसणे', 'लक्ष देणे' असलं काही चालणार नाही. दोन माणसांनी वेगवेगळं बसून पाहिलं तरी दोघांची खूण सारखी पडली पाहिजे, ही कसोटी. तुमच्याकडे असं लिहिता येईल: 'एक गणित संपल्यावर कोणी न सांगता पुढच्या गणितावर पेन्सिल टेकवली.' वाक्य काय करायचं ते सांगणारं हवं. 'बसून राहू नको' असं लिहिलं तर काय करायचं ते लेकराला कळतच नाही.

मग तीन ते पाच दिवस नुसती बेसलाइन, म्हणजे सुरुवातीच्या स्थितीची नोंद घ्या, काहीही न बदलता. गणिताच्या तासातली १५ मिनिटं निवडा. दर मिनिटाच्या शेवटी एक नजर टाका, त्या क्षणी काम चालू असेल तर एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. शिकवता शिकवता हे होतं, वही-पेन लागत नाही. १५ पैकी ६ चिंचोके आले तर ४० टक्के. शिवाय किती वेळा सांगावं लागलं तेही फळ्याच्या कोपऱ्यात रेघा मारून मोजा. तुमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत खरा आकडा हाच आहे. काम वाढलं आणि सांगणं तेवढंच राहिलं, तर स्वव्यवस्थापन झालेलं नाही.

दुधनाकाठ

बेसलाइनचं समजलं. पुढचं?

मांजरा

पुढे तक्ता. वहीच्या पानाचा चौथा भाग पुरे. वर त्याचा स्वतःचा गणित करतानाचा फोटो किंवा साधं चित्र, त्याखाली पाच चौकटी, शेवटी बक्षिसाचं चित्र. पाचपेक्षा जास्त चौकटी सुरुवातीला नकोत. सुशोभित करू नका. कार्टून, चमकी, फुलं लावली की लेकरू त्यातच गुंततं.

चौकट कधी भरायची याचे दोन मार्ग आहेत. एक वेळेवर: ठरावीक मिनिटांनी इशारा होतो आणि तो खूण करतो. दुसरा कामावर: ठरावीक काम झालं की खूण. जोडवर्गात दुसराच धरा. वहीत १० गणितं घालून द्या, दर दोन गणितांनंतर समासात एक चौकट आखा. दोन गणितं संपली की चौकट समोर येतेच, घड्याळ लागत नाही, तुमचा आवाजही लागत नाही. चौकटीचा प्रश्न एकच: 'मी न सांगता केलं का?' उत्तर बरोबर की चूक हा प्रश्न या चौकटीचा नाही. हे दोन्ही एकत्र केले की चुकलेल्या गणितासाठी लेकरू स्वतःला फुली मारतं आणि मग वहीलाच हात लावत नाही.

वाचन, चित्रकला अशा न मोजता येणाऱ्या कामाला वेळेचा इशारा लागेल. तेव्हा अंतर त्याच्या आत्ताच्या क्षमतेपेक्षा कमी ठेवा. सलग तीन मिनिटं काम करत असेल तर पहिला इशारा दोन मिनिटांनी. मोबाईल व्हायब्रेशनवर तुमच्या खिशात ठेवा आणि इशारा झाला की बाकावर बोट टेकवा. कर्कश गजराने दचकणारी मुलं असतात. अशा मुलाच्या शेजारी स्वयंपाकघरातला टायमर ठेवला तर तो वाजायच्या भीतीनेच काम थांबतं.

आता शिकवणं. तक्ता पहिल्याच दिवशी वर्गात द्यायचा नाही. परिपाठाआधी दहा मिनिटं, दोन ते चार दिवस, एकट्याला घ्या. तुम्ही स्वतः गणित करून दाखवा: एक संपलं, लगेच दुसऱ्यावर पेन्सिल. 'हे न सांगता झालं का?' मग पेन्सिल धरून नुसतं बसा. 'हे?' त्याने बोट दाखवायचं, हिरवी टिकली की पांढरी. मोजून दहा उदाहरणं, सरमिसळ करून. दहापैकी आठ-नऊ नीट ओळखायला लागला की त्याला स्वतःला करायला लावा आणि स्वतःची खूण करू द्या. चुकीचं उदाहरण दाखवायला दुसऱ्या मुलाला उभं करू नका. त्या मुलावर शिक्का बसतो.

वर्गात सुरू केल्यावर तुमच्याजवळही तसाच तक्ता ठेवा. तासाच्या शेवटी दोन्ही शेजारी ठेवून जुळवा. पाचपैकी चार चौकटी जुळल्या तर ८० टक्के. सलग तीन दिवस ८० टक्के जुळलं की रोज जुळवायची गरज नाही, मधूनच एखाद्या दिवशी.

पहिल्या टप्प्यात बक्षीस खूण जुळल्याबद्दल द्या. त्याने 'केलं नाही' अशी खरी खूण केली आणि तुमच्याकडेही तीच असेल, तर ती जुळली, तिचं कौतुक झालंच पाहिजे. फक्त बरोबरच्या खुणांना बक्षीस दिलं की दोन दिवसांत सगळ्या चौकटी बरोबरने भरलेल्या दिसतात. जुळणी पक्की झाल्यावर मग कामावर बक्षीस: बेसलाइन ४० टक्के असेल तर पाचपैकी तीन, नंतर चार. एकदम पाच मागू नका.

परभणीची_आई

मांजरा ताई, आमच्या पालकगटात दोन तक्रारी सारख्या येतात. एक, लेकरू काम न करताच सगळ्या चौकटींत खुणा करून मोकळं होतं. दुसरी, एक फुली पडली की कागद फाडतं. दोन्हीवर शाळेचं उत्तर एकच असतं, 'याला हे जमत नाही.'

मांजरा

ताई, पहिल्या तक्रारीची कारणं तीन असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा. खूण कशाची हेच कळलं नसेल तर हिरवी-पांढरी टिकलीवाल्या सरावावर परत जायचं. बक्षिसाची घाई असेल तर जुळणीला बक्षीस आणि चौकटी पाचऐवजी तीन. आणि खूण करण्यातच मजा वाटत असेल, रेघ ओढणं आवडत असेल, तर पेन्सिल काढून घ्या. खुणेऐवजी कपडे वाळत घालायचा चिमटा एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर लावायचा. कोणतं कारण आहे हे ओळखायला खुणा कधी होतात ते बघा. काम सुरू व्हायच्या आधीच पाचही भरल्या तर बहुधा तिसरं, शेवटच्या मिनिटाला घाईने भरल्या तर दुसरं.

फुलीचं म्हणाल तर फुली काढूनच टाका. वहीत फुली म्हणजे चूक हे मुलांना पहिलीपासून माहीत असतं. भरीव गोल आणि पोकळ गोल वापरा, दोन्ही एकाच रंगाचे, लाल टाळा. पोकळ गोलालाही पुढची कृती जोडा: पोकळ गोल आला की पुढचं गणित सुरू करायचं, एवढंच. पोकळ गोल करून पुढे गेल्याचा सराव आधी एकट्याला घ्या आणि त्या सरावात मुद्दाम एक-दोन गोल पोकळ येतील असं बघा. सगळं भरीवच येत राहिलं तर तयारी होत नाही.

तेरणा

ऑक्युपेशनल थेरपीच्या बाजूने लिहितो. धाग्यात आतापर्यंत लेखी कामाचं आलं. दुधनाकाठ सरांनी सांगितलेली दुसरी गोष्ट, गोंगाट झाला की उठून जाणं, ती याच विषयातली आहे आणि मला तर ती आधी घ्यावीशी वाटते. त्या मुलाला स्वतःचं शरीर सांभाळायचा एक मार्ग सापडलेला आहे. तो योग्यच आहे. फक्त तो सांगून जायला शिकला पाहिजे.

त्याआधी एक स्पष्ट सांगतो. हात फडफडवणं, पुढे-मागे डोलणं, बोटं डोळ्यांसमोर नाचवणं, ही वर्तनं तक्त्यावर 'बंद करायची' म्हणून घेऊ नका. त्यातून लेकरू स्वतःला शांत करत असतं. ते दाबायला लावलं की सगळी शक्ती त्यातच जाते आणि शिकायला काही उरत नाही. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होत असेल तरच त्यात हात घालायचा, तोही जाणकाराला विचारून. 'शांत हात' असा मथळा दिसला की तो तक्ता बदला.

ब्रेक कार्ड, म्हणजे 'मला थोडा वेळ बाहेर जायचंय' हे न बोलता सांगायचं कार्ड, असं शिकवा. पत्त्याच्या आकाराची तीन कार्डं, बाकाच्या उजव्या कोपऱ्यात. कार्डावर जागेचा फोटो. जागा एकच आणि ठरलेली: व्हरांड्याचा टोकाचा भाग, आवारातल्या लिंबाखालचा कट्टा, जिथे तुमची नजर पोहोचते आणि फाटक लांब आहे. तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ तिथेच. वाळू संपली की कार्ड परतीच्या डब्यात आणि बाकावर. परत आल्यावर मोठं काम समोर ठेवू नका. एक सोपं गणित, मग पुढे.

सराव शांत वेळी. दिवसातून चार-पाचदा, काहीही त्रास होत नसताना: कार्ड उचल, मला दे, जा, वाळू बघ, परत ये. कार्ड मिळालं की पहिले दोन-तीन आठवडे 'आत्ता नाही' म्हणायचं नाही, परीक्षा चालू असली तरी. एकदा नकार मिळाला की कार्डावरचा विश्वास जातो आणि तो परत धावून जाणं पसंत करतो. काम टाळायला कार्ड वापरतो असं वाटलं तर कार्ड काढून घेऊ नका. काम लहान करा. दोन गणितांवर एक कार्ड जात असेल तर दहा गणितांचं पान त्याला जड आहे, असा त्याचा अर्थ.

बिघडतं ते बहुतेक वेळा उशिरामुळे. ओरडणं, रडणं सुरू झाल्यावर कार्ड दाखवून उपयोग नाही. त्या अवस्थेत कोणतंही शिकलेलं कौशल्य हाताशी येत नाही. म्हणून खिचडीच्या घंटेआधी पाच मिनिटं ठरलेला ब्रेक द्या, तोही त्याच्या दिवसाच्या चित्रपट्टीवर (दिवसभराची कामं क्रमाने दाखवणाऱ्या चित्रांच्या पट्टीवर) आधीच लावलेला. घंटा हाच त्रास असेल तर घंटेआधी कान झाकणारं आवाजरोधक हेडफोन त्याने स्वतः घालायचं. दिवसभर घालू देऊ नका, साध्या आवाजांचीही सहनशक्ती कमी होते.

आपल्या भागात उन्हाचा विचार वेगळा करावा लागतो. मार्च-एप्रिलमध्ये पत्र्याची खोली, वीज गेलेली, पंखा बंद. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना तहान, उकाडा, लघवी या आतल्या जाणिवा वेळेवर ओळखता येत नाहीत. चिडचिड दिसते, कारण दिसत नाही. 'तहान लागली की पाणी पी' हे त्यांच्यासाठी पुरेसं नाही. पट्टीवर दर तासाला पाण्याचं चित्र लावा, बाटलीवर रबरबँड चढवा: या तासाला पाणी पहिल्या रबरबँडपर्यंत, पुढच्या तासाला दुसऱ्यापर्यंत. आपलं पाणी आपण बघणं हेसुद्धा स्वव्यवस्थापनच, आणि इतर सगळं त्याच्यावर उभं आहे.

बालाघाट

धागा चांगला चाललाय. बीडकडची एक बाजू मांडतो. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि घरचे कोयत्याबरोबर जातात. लेकरू सोबत जातं, नाहीतर आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतं. परत येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. भिंतीवर लावलेला सुंदर तक्ता भिंतीवरच राहतो.

म्हणून साहित्य सोबत नेता येईल असंच करा. जाड कार्डाचे चार-पाच तुकडे, कोपऱ्यात भोक, स्टीलच्या रिंगेत ओवलेले. एका कार्डावर ब्रेक, एकावर पाणी, एकावर कामाचे पाच गोल. लॅमिनेशन परवडत नसेल तर दोन्ही बाजूंनी रुंद पारदर्शक टेप, कडा अर्धा सेंटीमीटर बाहेर ठेवून दाबायच्या, नाहीतर पाणी आत शिरतं. चिकटवायचं वेलक्रो उन्हात सुटतं, त्याचा डिंक वितळतो. कापडी पट्टीवर शिंप्याकडून वेलक्रो शिवून घ्या, वर्षभर टिकतं.

आणि भाषा. बंजारा तांड्यावरच्या लेकराच्या घरी गोरमाटी बोलतात. तक्त्यावर 'मी स्वतःहून पुढचं काम सुरू केलं' असं मराठी वाक्य छापलं तर आजीला ते वाचता येत नाही आणि लेकराला घरी ते ऐकू येत नाही. फोटो लावा आणि तोंडाने म्हणायचा शब्द घरी जो वापरतात तोच ठेवा. स्वतःला हळू आवाजात सूचना देत काम करणं हा या पद्धतीचाच भाग आहे. ती सूचना ज्या भाषेत लेकरू विचार करतं त्याच भाषेत टिकते.

सुखापुरी

मला बक्षिसाबद्दल शंका आहे. प्रत्येक गोष्टीला बक्षीस दिलं तर मूल बक्षिसाशिवाय काही करणारच नाही. बाकीची ३७ मुलं 'आम्हाला का नाही' म्हणतील ते वेगळंच.

मांजरा

शंका रास्त आहे, आणि बक्षीस चुकीच्या पद्धतीने दिलं तर तसं होतंही. म्हणून तीन गोष्टी पाळायच्या.

बक्षीस लेकराने निवडायचं, रोज काम सुरू होण्याआधी, दोन-तीन चित्रांतून. तुमच्या आवडीचं बक्षीस त्याला बक्षीस वाटेलच असं नाही. एसटीच्या वेळापत्रकाचा कागद पाच मिनिटं वाचणं, शाळेची घंटा वाजवणं, झाडांना पाणी घालणं, भोवरा फिरवणं, असली बक्षिसं खाऊपेक्षा चांगली, कारण पोट भरलं की खाऊची गोडी संपते. पोषण आहार, मधली सुट्टी, पाणी, लघवीला जाणं या गोष्टी कधीही बक्षीस म्हणून वापरायच्या नाहीत. तो मुलांचा हक्क आहे.

दुसरं, बक्षीसही त्यानेच घ्यायचं. भरीव गोल मोजले, तीन झाले, म्हणून त्याने वेळापत्रक उचललं. तुम्ही फक्त मान डोलवा.

तिसरं, कमी करण्याचा क्रम. आधी तुमची जुळणी कमी करा, मग चौकटींमधलं काम वाढवा, मग बक्षीस रोजच्याऐवजी दिवसाआड, आठवड्यातून एकदा. काम वाढवताना एका वेळी दीडपटीपेक्षा जास्त नको. दर दोन गणितांनंतरची चौकट एकदम पाचांनंतर नेली की आलेलं सगळं जातं, आधी तीन. वाढवल्यावर दोन दिवस सलग घसरण दिसली तर मागच्या पायरीवर या, तिथे तीन दिवस थांबा. तक्ता शेवटी समासातल्या एका गोलावर येतो. तो एक गोल वर्षभर राहिला तरी हरकत नाही. मोठी माणसंही यादी करून बाजाराला जातात.

बाकीच्या मुलांचं म्हणाल तर समासातली चौकट सगळ्या वर्गाला द्या. 'मी न सांगता केलं' हा गोल दुसरीच्या मुलांनाही उपयोगी आहे, आणि मग एकाच बाकावर वेगळा कागद दिसत नाही.

दुधनाकाठ

सुरुवातीला तो चौकटीपाशी थांबला आणि खूणच केली नाही तर? 'खूण कर' म्हणायचं का?

मांजरा

नाही, आणि इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. तुमच्या विद्यार्थ्यासाठी तुमचा आवाज हाच काम सुरू करायचा इशारा बनलेला आहे. तोंडी प्रॉम्प्ट, म्हणजे काम करायला लावणारी बोलून दिलेली सूचना, काढून टाकणं सगळ्यात कठीण असतं. तक्त्यालाही तोच इशारा लावला तर 'पुढचं कर'च्या जागी 'खूण कर' आलं, बाकी सगळं तसंच.

पाच सेकंद थांबा, मनात मोजा. नाही केलं तर मागून येऊन न बोलता चौकटीकडे बोट. तरीही नाही तर कोपराला हलका स्पर्श, त्याला स्पर्श चालत असेल तर. समोरून नको, समोर आलात की तो चौकट सोडून तुमच्या चेहऱ्याकडे बघतो. दोन-तीन दिवसांनी बोट चौकटीपासून वीतभर लांब, मग फक्त जवळून जाणं, मग तेही नाही. किती वेळा बोट दाखवावं लागलं त्याच्याही रेघा मारा.

परभणीची_आई

न बोलणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या मुलांना यातलं काय करता येईल?

तेरणा

बरंच काही. कागदाऐवजी वस्तू. उत्तर कॅरोलिना विद्यापीठात विकसित झालेल्या टीच पद्धतीत चार प्रश्नांची उत्तरं मुलाला डोळ्यांनी मिळतील अशी मांडणी करतात: काय करायचं, किती करायचं, संपलं हे कसं कळेल, आणि मग काय. डावीकडे तीन टोपल्या, प्रत्येकीत एक पूर्ण काम: मणी ओवणं, झाकणं लावणं, रंगांप्रमाणे चिमटे लावणं. उजवीकडे 'झालं'ची मोठी बादली. तीन टोपल्या रिकाम्या झाल्या की पट्टीवर शेवटी लावलेली त्याच्या आवडीची वस्तू. कोणी काहीही सांगायची गरज नाही. टोपलीत कामाचा एकही तुकडा कमी असता कामा नये. झाकण बसेना म्हणून सगळी मांडणी मोडते आणि दोष मुलावर येतो. जी मुलं वस्तू तोंडात घालतात त्यांना मणी, चिंचोके देऊ नका.

बालाघाट

खिचडीच्या वेळेचं काम त्यांनाच सगळ्यात उपयोगी. ताट घे, हात धू, रांगेत उभं राहा, ताट पुढे धर, जागेवर बस, खा, उरलेलं डब्यात टाक, ताट धू, ताट जागेवर ठेव. नऊ पायऱ्या. शेवटून शिकवा: पहिल्या आठ तुम्ही सोबत करा, नववी त्याने एकट्याने. ती पक्की झाली की आठवी-नववी. शेवट त्याच्या हातून होतो, म्हणून काम संपवल्याचं समाधान पहिल्या दिवसापासून मिळतं.

शिकवणारा वर्षभर एकच हवा असं नाही, पण पायऱ्या तंतोतंत त्याच हव्यात. आणि पाण्याची सोय बघून पायऱ्या लिहा. नळाचं चित्र लावलंय आणि नळाला पाणी नाही, पिंपातून मगाने घ्यायचंय, तर लेकरू नळापाशीच उभं राहतं. दोन कार्डं करा, नळाचं आणि मगाचं. सकाळी पाणी बघून त्यालाच योग्य कार्ड लावायला सांगा. पुढे हे बघणंही त्याच्याकडे द्यायचं.

मांजरा

याला जोडून, बदललेल्या दिवसांची तयारी. १५ ऑगस्ट, १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, स्नेहसंमेलन, अधिकाऱ्यांची भेट. 'बदल' असं एक वेगळ्या रंगाचं कार्ड ठेवा आणि आधी आनंदाच्या बदलांना वापरा: आज गणिताऐवजी खेळ. ते चांगलं रुजल्यावर मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजारोहणासारख्या गर्दीच्या दिवसाला. आदल्या दिवशी दाखवा, त्या दिवशी सकाळी पुन्हा, आणि चित्रपट्टीवर ते त्याच्या हाताने लावून घ्या. त्या दिवशी गोलांचा निकष सोडून द्या, फक्त ब्रेक आणि पाणी.

सुखापुरी

हे सगळं कागदोपत्री कुठे मांडायचं? केंद्रप्रमुख विचारतात.

मांजरा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि कलम १६ प्रमाणे समावेशित शिक्षण ही शाळेची जबाबदारी आहे. विद्यार्थ्याच्या वैयक्तिक शिक्षण योजनेत उद्दिष्ट लिहा, मोजता येईल असं. उदाहरणार्थ: 'गणिताच्या तासात १० गणितांचं पान देताना एकदाही तोंडी सूचना न देता, पाचपैकी चार वेळा स्वतःहून पुढचं गणित सुरू करेल आणि स्वतः नोंद करेल. नोंद शिक्षकाच्या नोंदीशी ८० टक्के जुळेल. सलग पाच शालेय दिवस.' सोबत बेसलाइनचा आकडा. 'स्वावलंबी होईल' असं लिहिलं तर ते कधी झालं हे कोणालाच सांगता येत नाही. विशेष शिक्षक पंधरवड्याने येतात तेव्हा त्यांच्याकडून जुळणी करून घ्या. तुमच्याशिवाय तिसऱ्या माणसाची नोंद मिळते आणि त्यांची भेटही कामी येते.

दुधनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारपासून बेसलाइन घेतो, गणिताचा तास. ब्रेक कार्डाचा सराव सोबतच सुरू करू की नंतर? आणि पुढच्या वर्षी तो चौथीत दुसऱ्या बाईंकडे जाईल, त्यांना काय द्यायचं?

तेरणा

ब्रेक कार्ड आधी. बेसलाइनच्या दिवसांतच शांत वेळी सराव चालू ठेवा, पण गणिताच्या त्या १५ मिनिटांच्या आसपास नको, म्हणजे नोंद बिघडणार नाही. तो कार्ड स्वतः उचलायला लागला की मगच गोलांचा तक्ता. दोन नवीन गोष्टी एका आठवड्यात नकोत.

मांजरा

गणिताचा तास खिचडीच्या लगेच आधी येत असेल तर गणित तेवढे दिवस दुसऱ्या एखाद्या तासाला घ्या. भूक आणि वाट पाहणं यात नोंद खोटी येते.

चौथीच्या बाईंना एक पान पुरे: आत्ता किती गणितांवर एक गोल आहे, कोणते प्रॉम्प्ट चालतात आणि कोणते वापरायचे नाहीत, ब्रेकची जागा, चालणारी बक्षिसं, घरी बोलतात ते शब्द. सोबत त्याची स्वतःची कार्डांची रिंग, तीच, नवीन करू नका. एप्रिलमध्येच चौथीच्या बाईंनी तिसरीच्या वर्गात येऊन दोन-तीन तास जुळणी करावी. मग नवीन खोलीची आणि नवीन बाकाची ओळख, वर्ग रिकामा असताना. जूनच्या मध्यात शाळा उघडली की पहिला आठवडा एक पायरी मागे जाऊन सुरू करा. सुट्टीआधी पाच गणितांवर एक गोल असेल तर जूनमध्ये चारवर. सुट्टीनंतर थोडी घसरण होतेच, आणि बाईंनी ती बघून सगळा तक्ता बदलू नये, एवढं त्या पानावर ठळक लिहा.